लोणी काळभोरहून इंग्लंडला: हॉटेलातले पहिले पंधरा दिवस आणि बाळाचं पोट

लोणी काळभोर, कदमवाकवस्ती, थेऊर आणि उरुळी कांचन या पट्ट्यातून इंग्लंडला आलेल्या कुटुंबांची संख्या आता चांगलीच वाढली आहे. नव्याने येणाऱ्यांचे प्रश्नही ठरलेले असतात. घर मिळेपर्यंत स्वस्त हॉटेलात दहा-पंधरा दिवस काढायचे, सोबत दीड-दोन वर्षांचं मूल, खोलीत चूल नाही, फ्रिज नाही. मग मुलाला भरवायचं काय? इथे स्थिरावलेल्या कुटुंबांना आम्ही लिहायला सांगितलं. ज्यांनी जे लिहिलं ते फारसं न छाटता खाली दिलं आहे. कुणी दुधावर भरभरून लिहिलं आहे, तर फळांवर कुणी लिहायला तयारच झालं नाही. ज्यावर कमी मजकूर आहे, ते आल्यावर विचारा.

१. निघण्याआधी, लोणीतच करायची तयारी
(रेडिंगचं कुटुंब, सासर लोणी काळभोर)

निम्मं काम लोणीच्या स्वयंपाकघरातच उरकतं. आम्ही दोन मुलांना असं घेऊन आलो, त्यावरून लिहिते.

सगळ्यात आधी मेतकूट. एक वाटी हरभरा डाळ, अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी उडीद डाळ आणि दोन चमचे गहू वेगवेगळे खमंग भाजून घ्या. जिरे, थोडी मोहरी, चिमूटभर मेथ्या, सुंठ, हळद, हिंग घालून बारीक दळा. मिरची अजिबात नको. मऊ भात कुठेही मिळाला की त्यावर हे घातलं म्हणजे मुलाचं जेवण झालं.

दुसरा कोरडा उपमा. रवा भाजून मोहरी, जिरे आणि कढीपत्त्याच्या फोडणीत परतायचा. फोडणी तेलाचीच द्यायची, त्याचं कारण पुढे येतं. पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरा. खोलीत एका वाटीला अडीच वाट्या उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकून ठेवलं की तयार.

तिसरं नाचणीचं सत्त्व, चौथं सातूचं पीठ, पाचवे भाजलेले पातळ पोहे. सोबत गुळाची पावडर आणि शेंगदाण्याचं बारीक कूट. अख्खे दाणे पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात कधीच देऊ नका, घशात अडकतात.

मीठ निम्मं घाला. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसभरात दोन ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको, असं इथले डॉक्टर सांगतात. म्हणजे साधारण एक तृतीयांश लहान चमचा. आपल्या हाताला हे फार कमी वाटतं, पण इथला ब्रेड, चीज, डब्यातली कडधान्यं यांतही मीठ असतंच.

आता काय आणायचं नाही ते. भारतातून येताना सामानात दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ चालत नाहीत. तूप, पेढे, खवा, बर्फी सगळं काढून घेतात. थेऊरच्या चिंतामणीचा पेढ्याचा प्रसादसुद्धा घरीच खाऊन निघा. तुपातला रवा, तुपातले लाडू नकोत ते याचसाठी. बहुतेक ताजी फळं-भाज्याही प्रमाणपत्राशिवाय आणता येत नाहीत. बाळाच्या दुधाची पावडर तेवढी चालते: माणशी दोन किलोपर्यंत, कंपनीचा सीलबंद डबा, फ्रिजमध्ये ठेवावी न लागणारी.

२. खोलीतली पद्धत
(स्लाउचं कुटुंब)

मुद्द्यांतच लिहितो.

१. खोलीत किटली असते. तिच्यात फक्त पाणी उकळा. दूध, अंडी, नूडल्स घालू नका. इंडक्शन शेगडी किंवा छोटा कुकर आणू नका. खोलीत स्वयंपाकाला बंदी असते, वाफेने धुराचा गजर वाजतो आणि अख्खं हॉटेल रस्त्यावर येतं.

२. रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास, झाकणाच्या दोन वाट्या, एक चाकू, एक छोटी चाळणी, भांडी घासायचा स्पंज. एवढ्यावर भागतं.

३. हॉटेल निवडताना नाश्त्याचा हिशेब करा. प्रीमियर इनमध्ये एका मोठ्या माणसाने पूर्ण नाश्ता घेतला की १६ वर्षांखालच्या दोन मुलांचा नाश्ता फुकट असतो. दोघांपैकी एकानेच घ्या. मूल अंडं, दही, फळ, दलिया पोटभर खातं आणि दुपारपर्यंत खर्च नाही. मुलाची खाटही मागितली की मिळते.

४. उकळत्या पाण्यात होणाऱ्या वस्तू: ओट्स, कुसकुस (पाच मिनिटं झाकून ठेवायचा, सांजा लागतो तसा लागतो), पातळ पोहे, कोरडा उपमा, नाचणी.

५. डब्यातले शिजवलेले मसूर, राजमा, छोले घ्या. चाळणीत धुऊन खारट पाणी काढा, थर्मासात गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा, मग कुस्करा.

६. शिजलेल्या भाताची पाकिटं दोन मिनिटांत मायक्रोवेव्हमध्ये होतात. खोलीत मायक्रोवेव्ह नसला तर रिसेप्शनला विचारा. आयकियाच्या खानपानगृहात बाळाचं अन्न गरम करायला मायक्रोवेव्ह असतो.

७. शिळा भात ठेवू नका. इथला नियम असा: शिजलेला भात तासाभरात गार करून फ्रिजमध्ये जायला हवा, चोवीस तासांत संपायला हवा आणि एकदाच गरम करायचा. तुमच्याकडे फ्रिज नाही, म्हणजे उरलेला भात टाकायचा. जीव तुटतो, तरी टाका. फोडणीचा भात घर मिळाल्यावर.

८. संध्याकाळी सुपरमार्केटात मुदत संपत आलेल्या वस्तूंवर पिवळी चिठ्ठी लावून किंमत उतरवतात. ब्रेड, दही, चिरलेली फळं त्या वेळी घ्या.

९. रविवारी मोठी दुकानं सहाच तास उघडी असतात, तीही सकाळी १० ते संध्याकाळी ६ च्या मधे. शनिवारी विमानातून उतरत असाल तर रविवारचं दूध शनिवारीच घ्या. ईस्टरच्या रविवारी आणि नाताळच्या दिवशी मोठी दुकानं बंदच.

१०. पहिले काही दिवस पौंडाचे रुपये करू नका. केळ्याचा भाव ऐकून हात आखडतो आणि मूल उपाशी राहतं.

३. दूध
(हॅरोचं कुटुंब)

आमच्या मुलीने पहिले चार दिवस दुधाला तोंड लावलं नाही. आम्हाला वाटलं आजारी आहे. चौथ्या दिवशी लक्षात आलं की ती साय शोधत होती. इथल्या दुधातली मलई यंत्राने इतकी बारीक करून मिसळलेली असते की तापवलं तरी आपल्यासारखी जाड साय धरत नाही. लोणीत म्हशीच्या दुधावर वाढलेल्या मुलाला हे दूध पाणी वाटतं. त्याला आठ-दहा दिवस द्या. जबरदस्ती करू नका.

निळ्या झाकणाचं दूध म्हणजे पूर्ण स्निग्धांशाचं. दोन वर्षांखालच्या मुलाला हेच. हिरवं अर्ध्या स्निग्धांशाचं, लाल जवळजवळ बिनस्निग्धांशाचं. घाईत झाकणाचा रंग चुकवू नका. दूध आधीच पाश्चराइज्ड असतं, त्यामुळे उकळायची गरज नाही. कोमट हवं असेल तर पेला गरम पाण्याच्या वाटीत ठेवा.

फ्रिज नसताना दूध टिकवायचं कसं? चार पाइंटची मोठी बाटली, म्हणजे सव्वादोन लिटर, दर लिटरमागे स्वस्त पडते, पण खोलीत ती नासते. दोन मार्ग आहेत. एक, रोज एक पाइंटची बाटली घ्यायची, साधारण ५७० मिलिलिटर. दुसरा, बाहेर टिकणारं खोक्यातलं दूध आणायचं. पण खोकं फोडलं की तेही फ्रिजमध्येच लागतं, म्हणून लहान खोकी घ्या. तिसरी गोष्ट संकोच सोडून करा: बाटलीवर खोली नंबर लिहून रिसेप्शनला द्या आणि "बाळाचं दूध आहे, तुमच्या फ्रिजमध्ये ठेवाल का?" असं विचारा. आम्ही तीन हॉटेलांत विचारलं, तिन्ही ठिकाणी ठेवलं.

वर्षाच्या पुढच्या मुलांसाठी म्हणून मोठ्या डब्यांत जे महाग दूध विकतात, ते लागत नाही. साधं दूध पुरतं. दिवसाला साधारण ३५० मिलिलिटर दूध किंवा दोन वेळा दही-चीज एवढं पुरे. दुधानेच पोट भरलं तर मूल जेवत नाही. वर्षाखालच्या बाळाला पावडरचं दूध करताना पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत वापरा. ते किमान सत्तर अंश गरम हवं. मग बाटली गार करून पाजा. तांदळाचं दूध पाच वर्षांखालच्या मुलांना देऊ नये. वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका, घरच्या मोठ्यांनी कितीही आग्रह केला तरी.

दह्यासाठी साधं, बिनसाखरेचं, पूर्ण स्निग्धांशाचं घ्या. फळांच्या चवीच्या छोट्या डब्यांत साखर फार असते.

४. दहा दिवसांचे पाच आठवडे झाले
(हाउन्स्लोचं कुटुंब)

मला पाककृती लिहायला सांगितलं होतं. मी हे लिहिते, कारण आमच्या मुलाचं खाणं बिघडलं ते कागदांमुळे.

इंग्लंडमध्ये घर भाड्याने घेताना प्रत्येक मोठ्या माणसाला इथे राहण्याचा हक्क दाखवावा लागतो. हल्ली व्हिसाची नोंद कागदावर नसून इंटरनेटवर असते आणि त्यातून एक कोड काढून घरमालकाच्या दलालाला द्यायचा असतो. माझ्या पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव होतं, नोंदीत माहेरचं. बस, एवढंच. कोड निघेना. दलाल म्हणाला, कोड नाही तर घर नाही. ठरलेलं घर गेलं. ज्या कार्यालयाला कळवलं, तिथून एकच ठरावीक उत्तर तीन वेळा आलं. फोनवर पाऊण-पाऊण तास संगीत ऐकत बसायचं, आणि मांडीवर भुकेलं पोर. एकाने सांगितलं दुसऱ्या विभागाला विचारा, दुसऱ्याने पहिल्याकडे पाठवलं. दर शुक्रवारी हॉटेलचा दर वाढायचा. दोनदा बोचकी उचलून हॉटेल बदललं.

पहिला आठवडा आम्ही बाहेर खात होतो. दिवसाला चाळीस पौंड जायचे आणि मूल चार चिप्स खाऊन झोपायचं. तिसऱ्या आठवड्यात मी ओट्स मोजून भिजवायला लागले. नवऱ्याला सांगायचे, मी खाल्लंय.

मग शेजारच्या खोलीतल्या पंजाबी बाईंनी आम्हाला साउथॉलला हॅवलॉक रोडच्या गुरुद्वाऱ्यात नेलं. पायऱ्यांवर माझे पाय अडखळले. आयुष्यात कधी फुकट जेवले नव्हते. आत पंगत बसली होती, डाळ-रोटी-भात वाढत होते, कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. माझ्या मुलाने दोन वाट्या डाळ-भात खाल्ला. तेव्हा मला लोणीचा पालखीचा मुक्काम आठवला. तुकोबांची पालखी पुणे सोडून लोणीला येते तेव्हा आमच्या दारात वारकरी जेवून जायचे. पुढच्या मुक्कामाला यवतमध्ये अख्खं गाव पिठलं-भाकरी करतं. आम्ही कधी विचारलं का कुणाला, तू गरीब आहेस का? वाढताना लाज वाटली नाही, मग घेताना कशाची? लंगरला जा. डोकं झाका, हात धुवा, हवं तेवढंच घ्या, आणि पुढे कधीतरी एखाद्या रविवारी भांडी घासायला जा. आम्ही अजून जातो.

आता कामाचं. लोणीहून निघण्याआधी व्हिसाच्या खात्यात लॉगिन करा, नाव पासपोर्टशी अक्षर-अक्षर जुळवा, पासपोर्ट क्रमांक जोडलेला आहे का पाहा, कोड काढून बघा. नोकरीच्या कंपनीकडून पगाराचं पत्र घेऊन ठेवा. इंग्लंडमध्ये वर्षाचं भाडं ५० हजार पौंडांखाली असेल तर पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत कायद्याने मागता येत नाही. आमच्याकडे मागितली होती. आणि घराचा पत्ता नाही म्हणून डॉक्टरकडे नाव नोंदवायचं थांबू नका. त्यासाठी पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा लागत नाही, हॉटेलातूनही नोंद होते.

५. ताट आणि संस्कार
(लेस्टरचं कुटुंब)

वरची सगळी माहिती उपयोगाची आहे, पण माझा मुद्दा वेगळा आहे. मूल नव्या देशात पहिल्या पंधरा दिवसांत जे शिकतं ते पक्कं होतं. हॉटेलात टीव्ही आणि मोबाइल दाखवून भरवलं, तर घरी गेल्यावर ते टीव्हीशिवाय जेवत नाही. जमिनीवर टॉवेल अंथरा, तिघं गोल बसा. आधी घास बाजूला काढून देवाचं नाव घ्या, मग मुलाला हाताने खाऊ द्या, सांडलं तर सांडू द्या. ओट्सला दलिया म्हणा, बीन्सला उसळ म्हणा. मुलाच्या तोंडी मम्मं, भू, पापा हे शब्द राहू द्या. काऊ-चिऊचा घास इथेही चालतो. खिडकीतून कावळा दिसतो, चिमणी मात्र शोधावी लागते.

लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. पूर्वीच्या माणसांनी पोळपाट-लाटणंही न मिळणाऱ्या काळात मराठी घरं उभी केली. आपल्याला लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर सगळं मिळतं, तरी आपली मुलं वरण-भाताला नाक मुरडतात, तेव्हा दोष आपलाच. हे काहींना आवडणार नाही, पण मला असंच वाटतं.

६. उरलेलं, थोडक्यात

पाणी: नळाचं पिता येतं.

फळं: केळी. द्राक्षं उभी चिरूनच द्या.

औषध: १११ वर फोन करून सल्ला मिळतो, जिवावरचं असेल तर ९९९. मुलांची डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं इंग्लंडमध्ये मोफत.

जीवनसत्त्वं: सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना अ, क आणि ड जीवनसत्त्वांचे थेंब द्यावेत असा इथला सल्ला आहे. हिवाळ्यात येत असाल तर विसरू नका.

सरकारी भत्ते: बहुतेक नोकरीच्या व्हिसावर मनाई असते. न विचारता अर्ज करू नका, व्हिसाला बाध येतो. अन्नपेढी, म्हणजे फूड बँक, या मनाईत बसत नाही.

स्कॉटलंड: कुणी लिहिलं नाही.

फिरता थर्मास

स्लाउच्या कुटुंबाने सांगितलेला रुंद तोंडाचा थर्मास, दोन वाट्या, चाळणी आणि चाकू असा एक संच आम्ही फिरता ठेवला आहे. आतापर्यंत तो सात घरी जाऊन आला. तुमची तारीख कळवा, शेवटच्या कुटुंबाकडून तुमच्यापर्यंत पोहोचवू. तुमचं घर लागलं की पुढच्यांना द्या. रिकामा मात्र देऊ नका. लोणीहून आणलेलं मूठभर मेतकूट उरलं असेल तर त्यात घाला. पुढच्या खोलीतल्या मुलाच्या पहिल्या रात्रीच्या भाताला ते होईल.