सुनापरांतची माणसे : कठोर वचने कशी वाचावीत?
(अभ्यासपाठ)



वर्षावासात आपल्या विहारात ग्रंथवाचन होत असते. एकदा वाचन आटोपल्यावर दहावीतल्या एका मुलाने विचारले, "मनुस्मृतीने माणसांचे समूहच्या समूह हीन ठरवले, म्हणून महाडला तिचे दहन झाले. मग तथागतांनीही एका प्रदेशाच्या लोकांना सरसकट वाईट म्हटले असेल, तर आपण काय करायचे?" वडीलधारी मंडळी गप्प झाली. प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, प्रामाणिक होता. त्याचे उत्तर शोधणे हाच या पाठाचा उद्देश आहे.

ज्या वचनाविषयी त्याने विचारले ते मज्झिम निकायातील पुण्णोवाद सुत्तात आहे. भिक्खू पुण्ण तथागतांकडून थोडक्यात उपदेश घेतो आणि सुनापरांत जनपदात राहायला जाण्याचा मनोदय सांगतो. तेव्हा तथागत म्हणतात की, तेथील लोक चंड आहेत, परुष आहेत; म्हणजे तापट आणि कठोर आहेत. अट्ठकथेप्रमाणे हा पुण्ण सुप्पारक नगराचा व्यापारी होता. सुप्पारक म्हणजे आपल्या महाराष्ट्रातील सोपारा, आजचे नालासोपारा. तेव्हा हे कठोर शब्द कोणा परक्यांविषयी नाहीत. ते आपल्याच भूमीतील माणसांविषयी आहेत.

आता हे वचन कसे वाचावे?

१) कोण, कोणाला आणि कशासाठी बोलत आहे ते पाहावे. येथे गुरू आपल्या शिष्याला प्रवासापूर्वी सावध करीत आहेत. मुलगी शहरात शिकायला निघाली की आई म्हणते, "बाई, तिथली माणसं बरी नसतात, जपून राहा." हा त्या शहरावर दिलेला निकाल नसतो. त्यामागे लेकीची काळजी असते.

२) वाक्य तोडून वाचू नये, प्रसंग शेवटपर्यंत वाचावा. तथागत विचारतात, लोकांनी शिवीगाळ केली तर काय वाटेल? पुण्ण म्हणतो, हाताने मारले नाही, म्हणजे माणसे भली आहेत असे वाटेल. हाताने मारले तर? ढेकळे फेकली नाहीत, म्हणजे भली आहेत. असेच पुढे दंड, शस्त्र आणि शेवटी प्राण घेण्यापर्यंत प्रश्न जातात. लक्षात घ्या, ज्यांना चंड म्हटले त्यांनाच पुण्ण भले म्हणतो आणि तथागत त्याला चूक ठरवीत नाहीत. उलट त्याच्या संयमाची प्रशंसा करून त्याला जायला संमती देतात.

३) शेवट काय झाला ते पाहावे. त्याच वर्षावासात पुण्णाने तेथे पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका घडवल्या, असे सुत्त सांगते. पाली वाङ्मयात पाचशे हा आकडा पुष्कळ या अर्थाने येतो. म्हणजे सरसकट म्हटलेली गोष्ट त्याच सुत्ताने मोडून काढली. माणसे कठोर असतील, पण तशीच राहण्याचा शाप त्यांना कोणी दिलेला नाही. पुढे याच सोपाऱ्यात सम्राट अशोकाचे शिलालेख कोरले गेले. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले.

४) इतर सुत्तांशी ताडून पाहावे. महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनीच सांगितले आहे की, कोणी बुद्धवचन म्हणून काही सांगितले तर ते सुत्त आणि विनयाशी जुळवून पाहावे. वसल सुत्त सांगते की, जन्माने कोणी नीच होत नाही, कर्माने होतो. वासेट्ठ सुत्त सांगते की, पशुपक्ष्यांत जशा जाती असतात तशा माणसांत नाहीत. या कसोटीवर कोणत्याही जनसमूहाला जन्मतः दुष्ट ठरवणारा अर्थ टिकत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बुद्धवचन ओळखताना बुद्धिसंगती आणि मानवाचे हित पाहावे, असा दंडक घालून दिला आहे.

आता मनुस्मृतीशी तुलना करा. तिच्या दहाव्या अध्यायात पौंड्रक, द्रविड, कांबोज, यवन, शक इत्यादी लोकांची यादी येते. संस्कार सोडल्यामुळे आणि ब्राह्मणांचा संपर्क तुटल्यामुळे ते वृषल झाले, असे तेथे म्हटले आहे. तेथे समूहाचा दर्जा ठरतो आणि तो दर्जा पिढ्यान्‌पिढ्या लागू होतो. पुण्णोवाद सुत्तात दर्जा ठरत नाही, फक्त धोका सांगितला जातो. हाच मूळ फरक आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दहन झाले ते माणसाला जन्माने बांधणाऱ्या अशा कायद्याचे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पुण्णाची गोष्ट सांगून अत्याचारग्रस्ताला "सहन कर" असे कोणी सांगू नये. पुण्णाने तो मार्ग स्वतः निवडला होता आणि तो भिक्खू होता. अन्याय झालेल्या माणसासाठी संविधान आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. मनात द्वेष न ठेवणे वेगळे आणि हक्क सोडणे वेगळे.

शेवटी आपल्याकडे वळू. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण शिक्का पुसला गेला का? आपल्या वर्धा जिल्ह्यातील पारधी बेड्यावरचे पोर वर्गात आले आणि कोणाची पेन्सिल हरवली, तर पहिली नजर कोणाकडे जाते? "ते लोक असेच" हे शब्द आपण हजारो वर्षे ऐकले आहेत. तेच शब्द आपल्या तोंडून दुसऱ्यासाठी निघाले, तर आपण काय शिकलो?

आचार्य धर्मानंद कोसंबी गोव्याच्या खेड्यातून निघाले, सिंहलद्वीपात जाऊन पाली शिकले आणि बुद्धवाङ्मय मराठीत आणले. जून १९४७ मध्ये त्यांनी आपल्याच जिल्ह्यात, सेवाग्राम येथे देह ठेवला. ऐकीव गोष्टीवर न थांबता मूळ ग्रंथापर्यंत जावे, हा धडा त्यांच्या जीवनातून घ्यावा. त्या विद्यार्थ्यालाही आमचे हेच सांगणे आहे : बाळा, तुझा प्रश्न योग्य होता. असेच विचारत जा.

चर्चेसाठी प्रश्न :
१) सावध करणे आणि दोषी ठरवणे यात काय फरक आहे?
२) सुनापरांतच्या लोकांना पुण्ण 'भले' का म्हणतो?
३) आपल्या बोलण्यात कोणत्या समाजाविषयी "ते लोक असेच" असे येते? ते कसे थांबवता येईल?

जय भीम! नमो बुद्धाय!