लेन्सचे पैसे, प्रिंटचे पैसे

अगं, तुझी यादी वाचली. कॅमेऱ्याची बॉडी, दोन लेन्स, ट्रायपॉड, बॅग, फिल्टर, वर एक रिंग लाइट. सगळं ठीक आहे, पण यात प्रिंटचे पैसे कुठे आहेत? तुला माणसांचे फोटो काढायचेत म्हणालीस. मग त्या माणसांच्या हातात काय पडणार, हे यादीत पहिल्यांदा लिहायला हवं होतं. ते लिहिलंस की बाकीची यादी आपोआप अर्धी होईल बघ.

आधी त्या दोन लेन्समधला झूम काट. तो लांबलचक झूम पक्ष्यांसाठी असतो. माणसांवर लावलास की त्यांच्या नकळत, रस्त्याच्या पलीकडून फोटो काढायची सवय लागते, आणि ती सवय एकदा लागली की सुटत नाही. जुनी, वापरलेली बॉडी बघ आणि एकच ठरावीक मापाची लेन्स घे. सगळे तुला स्वस्त म्हणून पन्नास मिलिमीटरची घे म्हणतील. लेन्स गुणाचीच आहे, पण छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती पाऊणशे-ऐंशीसारखी वागते. आपल्याकडच्या दहा बाय दहाच्या खोलीत तुझी पाठ भिंतीला टेकली तरी खाटेवर बसलेल्या आजीचे पाय काही फोटोत मावायचे नाहीत. म्हणून पस्तीसची घे.

वापरलेला माल घेताना दुकानदाराच्या गोड बोलण्यावर जाऊ नकोस. शटर किती वेळा उडालंय ते विचार. छिद्र एफ 16 वर नेऊन पांढऱ्या भिंतीचा फोटो काढ. सेन्सरवरची धूळ ठिपक्यांसारखी दिसेल. लेन्समधून मोबाइलची बॅटरी आरपार मारून बघ. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, ती लेन्स तिथेच ठेवून उठायचं. तुझ्याकडची लेन्स पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेव. आणि उन्हाळ्यात आपल्या जालन्याच्या रस्त्यांवर उभं राहून लेन्स बदलायची नाही. सळईच्या कारखान्यांच्या बाजूची धूळ निराळी, जिनिंगपाशी उडणारा कापूस निराळा, पण कॅमेऱ्याला दोन्ही वाईटच. धुळवडीला हत्ती रिसाल्याची मिरवणूक बघायला जाशील तेव्हा कॅमेरा घरी ठेव, मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ने.

आणि खरं सांगू? वर्षभर नुसत्या फोनवर काढलेस तरी चालेल. दोन गोष्टी तेवढ्या सांभाळ. फोनची साधी लेन्स रुंद कोनाची असते. ती तोंडाजवळ नेलीस की नाक फुगतं आणि कान मागे पळतात. त्यापेक्षा मागे सरून दुप्पट झूम लाव. दुसरं म्हणजे ते चेहरा गोरा-गुळगुळीत करणारं जे काय असतं, ते सेटिंगमध्ये जाऊन बंद कर. काही फोनमध्ये ते न विचारताच चालू असतं. त्यात म्हाताऱ्या बायांच्या कपाळावरचं, हनुवटीवरचं हिरवं गोंदण पुसट होतं, आणि उन्हात आयुष्य गेलेला माणूस पावडर लावल्यासारखा दिसतो. तो फोटो बघून त्याच्या घरचे हसतात, आणि बरोबरच हसतात.

आपल्याकडच्या उन्हाचंही ध्यानात ठेव. एप्रिल-मेच्या दुपारी बाहेर उभं केलंस की पदराखाली नाहीतर टोपीखाली नुसता काळोख. माणसाला ओसरीत घे, दाराकडे तोंड करून बसव. पांढरं धोतर, पांढरी टोपी आणि सावळा चेहरा असला की कॅमेरा पांढऱ्यावर भुलतो आणि चेहरा काळवंडतो. स्क्रीनवरच्या चेहऱ्यावर बोट टेकव, उजेड थोडा वाढव. धोतर जरा उडालं तर उडू दे.

आता विचारण्याचं. तुला वाटतं विचारलं की मजा जाते, माणूस सावध होतो. हे कँडिडचं खूळ मला फारसं पटत नाही. मंठ्याच्या बाजाराला गेलीस आणि एखादी मावशी म्हणाली, थांब, पदर नीट करते, तर थांबायचं. घरी गेल्यावर म्हणाली, साडी बदलून येते, तरी थांबायचं. फोटो तिचा आहे. खेड्यातली माणसं फोटोला ताठ उभी राहतात, हात मांड्यांशी, हसत नाहीत. स्टुडिओत जाऊन वर्षाकाठी एखादा फोटो काढायचा, त्या काळापासूनची ती रीत आहे. त्यांना हवा तो फोटो आधी काढ, अगदी मन लावून काढ. तो झाला की माणूस सैल होतो, चहा टाकायला वळतो, नातवाला हाक मारतो, आणि तुला हवे ते फोटो मग मिळतात.

मुलगी आहेस म्हणून लोक काय काय बोलतील ते तुला माहीत आहे, मी पुन्हा सांगत नाही. पण त्यातला फायदाही बघ ना. तुला चुलीपर्यंत जाता येतं. बाळंतिणीच्या खोलीत जाता येतं. आपला हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता, तेव्हाची गोष्ट आहे. निजामाचे फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांनी 1892 मध्ये हैदराबादला खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला. पडद्यातल्या बायका पुरुषासमोर बसणार नाहीत म्हणून तिथे फोटो काढायला एक इंग्रज बाई नेमली होती. इतका नावाजलेला माणूस, तरी जिथे त्याचा कॅमेरा नको होता तिथे तो बाजूला झाला. धंदा होता त्यात, हे खरं. पण मला ती अदबही वाटते.

आणि होमाई व्यारावाला ठाऊक आहेत ना? देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, जन्म 1913 चा. साडी नेसून, ते जड सामान खांद्यावर घेऊन त्या गांधी-नेहरूंच्या काळात हिंडल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून यायचे. 1970 मध्ये त्यांनी काम थांबवलं. नव्या फोटोग्राफरांची धसमुसळी वागणूक त्यांना सहन होईना, हे त्यामागचं एक कारण. हातात कसब असताना दुसऱ्यांच्या वागण्याला कंटाळून एखादी बाई कॅमेरा खाली ठेवते, हे मला फार लागलं होतं. आज राजूरच्या गणपतीला अंगारकीच्या रांगेत मोबाइल उंच धरून जी ढकलाढकली चालते ती बघून त्या काय म्हणाल्या असत्या कुणास ठाऊक. तू रांगेत घुसू नकोस. गाभाऱ्यात फोटोला मनाई असेल तर आत फोन काढायचाच नाही, पुजारी ओळखीचा असला तरी.

मुक्ताईची पालखी जालन्यावरून जाते, तेव्हा तू जाणारच. टाळ-मृदंग काढ, फुगड्या काढ, पायाच्या भेगा काढ. पण पहाटे मुक्कामाच्या जागी टँकरपाशी, विहिरीपाशी बाया अंघोळ करतात, तिकडे कॅमेरा न्यायचा नाही. बाई असलीस तरी नाही. असे फोटो काढणं हा 2013 पासून गुन्हा आहे, आता भारतीय न्याय संहितेच्या 77 व्या कलमात तो येतो. कलम नसतं तरी मी हेच सांगितलं असतं. पोरांचे फोटो आईबापाला विचारून; शाळेत गेलीस तर बाई हो म्हणाल्या म्हणजे घरचे हो म्हणाले असं होत नाही. तेच कारखान्याचं. मालकाने आत सोडलं म्हणजे तापलेल्या सळईपाशी उभ्या असलेल्या बिहारी पोराने होकार दिला असं धरायचं नाही. त्याला वेगळं विचार.

परतूर-मंठ्याकडच्या तांड्यांवर जाशील तर एक सांभाळ. बाहेरून आलेले फोटोग्राफर बंजारा बायांना फेटिया-काचळी घालून या म्हणतात, आरसे चमकले पाहिजेत म्हणे. रोज साडीत वावरणाऱ्या बाईला आपल्या हौसेसाठी का नटवायचं? तिला स्वतःला मिरवायचं असेल तर निराळं. मग तिच्या कौतुकाला धरबंध ठेवू नकोस.

पैशाचं विचारलं होतंस. फोटोसाठी उभ्या राहिलेल्या पोराच्या हातावर नाणं ठेवू नकोस, उद्यापासून ते कॅमेरा दिसला की हात पुढे करेल. पण वासुदेव, पोतराज, बहुरूपी दिसला तर आधी पैसे दे, मगच फोटोचं विचार. ते त्याचं पोट आहे.

मोर्चा-आंदोलनाचं जरा जपून. 2023 च्या सप्टेंबरात अंतरवाली सराटीला लाठीमार झाला आणि तिथले फोटो, व्हिडिओ राज्यभर फिरले. बातमीदारांचं ते कामच होतं. तू हौशी आहेस. गर्दीतला स्पष्ट चेहरा स्टेटसला टाकताना एवढं आठव की तो फोटो कोण कशासाठी उघडेल ते तुझ्या हातात उरत नाही. गावातल्या गावात वैर असतं, सोयरीक अडते, केस होते. तसंच ऊसतोडीला निघालेल्या बिऱ्हाडाचं. ट्रॅक्टरवर चढलेल्या संसाराचा फोटो चांगला येतो, बक्षीसही मिळतं, आणि पुढे ते बिऱ्हाड कुठे गेलं ते काढणाऱ्याला ठाऊक नसतं. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षं काढले, त्यांच्यात वावरून काढले. त्यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. तुला ऊसतोडीवर काम करायचं असेल तर घनसावंगीकडचं एखादं गाव धर, दिवाळीआधी जा आणि ते लोक परत आल्यावरही जा.

परत जाताना हातात त्यांचाच फोटो हवा, म्हणून मी प्रिंटवर अडून बसलेय. गावात म्हातारं माणूस गेलं की काय होतं बघितलंस ना? घरभर फोटो शोधतात. लग्नाच्या अल्बममध्ये कडेला अर्धा चेहरा असतो. शेवटी आधार कार्डावरचा तो घाबरलेला फोटो मोठा करून आणतात, स्टुडिओवाला मागे निळं आभाळ टाकून देतो, कधी फेटाही बांधून देतो, आणि त्यालाच हार चढतो. पुढे पंचवीस वर्षं नातवंडं आजीला त्याच चेहऱ्याने ओळखतात. तू काढलेला एखादा नीट फोटो त्या घरात आधीच पोचलेला असला तर? माणसाचं हे काम दुसरं कुणी करणार नाही, शहरातला झूमवाला तर नाहीच.

व्हॉट्सॲपवर पाठवते म्हणू नकोस. आजीकडे फोन नसतो, नातवाकडे असतो, आणि नातू फोन बदलतो. साध्या मापाची प्रिंट चहा-भज्यांच्या पैशात होते. एक वही कर. नाव, गाव, कुणाच्या घरातले, घर कुठल्या खुणेपाशी, एवढं तिथल्या तिथे लिही. महिन्याचे जे पैसे बाजूला काढशील त्यातले निम्मे प्रिंटचे, त्यांना हात लावायचा नाही. फोटो घेऊन परत गेलीस की शेजारची माणसं आपणहून बोलावतात, मग विचारायचीही वेळ येत नाही फारशी.

राहता राहिली आत्याच्या घरच्या लग्नाची गोष्ट. तू कॅमेरा घेतेयस हे कळल्यापासून ती म्हणतेय की आता फोटोवाला कशाला, घरचीच पोर आहे. मुळीच हो म्हणू नकोस. हार घालतानाचा क्षण हुकला तर जन्मभर ऐकशील. स्टेजवर पैसे घेऊन काम करणारा माणूस असू दे, त्याच्या लाइटमध्ये आडवी जाऊ नकोस. तू आत राहा. हळद दळणाऱ्या बाया, रुखवत मांडणाऱ्या मावश्या, मांडवाच्या मागे भांडी घासणारी माणसं, आणि आत्याची सासू, तिचा तर एकही धड फोटो नाही. आत्याला कसं समजवायचं ते मी बघते.