मैदानावरील संगीतोत्सव आणि उन्हाचा ताप

उघड्या मैदानावर हजारों लोकांनीं एकत्र जमून गायन-वादन ऐकणें हा मोठा आनंद आहे. मुंबई, पुणें, गोवें इत्यादि ठिकाणीं असे जलसे वारंवार होतात, व वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस त्यांची हौस असते. त्यांस जाऊं नका, असें सांगण्यासाठीं हा लेख आम्ही लिहीत नाहीं. परंतु जाणाऱ्यानें आपलें शरीर उन्हाशीं कसें झगडतें हें समजून जावें, एवढाच आमचा हेतु आहे.

निरोगी मनुष्याच्या शरीराचें आंतील उष्णतामान सुमारें ३७ अंश सेल्सिअस असतें. शरीर स्वतःही सतत उष्णता उत्पन्न करीत असतें. स्वस्थ बसलेला मनुष्य १०० वॉटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकतो. तोच नाचूं-बागडूं लागला म्हणजे ती कित्येक पटींनीं वाढते. भोंवतालची हवा थंड असेल तर ही उष्णता सहज निघून जाते. हवा कातडीइतकी, म्हणजे सुमारें ३५ अंशांपर्यंत तापली, कीं घाम वाळणें हा एकच मार्ग उरतो. एक लिटर घाम वाळला, तर शरीरांतून सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. 'वाळणें' हा शब्द येथें ध्यानांत धरावा. जो घाम नुसताच निथळून खालीं पडतो, तो अंगांतील पाणी व मीठ घेऊन जातो, पण अंग थंड करीत नाहीं.

हवा दमट असली म्हणजे घाम वाळत नाहीं. यामुळेंच उष्णतेच्या लाटेचा विचार करतांना भारतीय हवामान खातें मैदानी प्रदेशासाठीं किमान ४० अंशांची मर्यादा धरतें, पण समुद्रकिनाऱ्यासाठीं ३७ अंशांचीच. शिवाय हे अंश सावलींतले असतात, कारण तापमापक झरोक्यांच्या पांढऱ्या पेटींत ठेवलेला असतो. उन्हांत उभ्या असलेल्या मनुष्यास त्याहून पुष्कळच अधिक ताप सोसावा लागतो. त्यांत गर्दी दाटली, कीं वारा अडतो आणि शेजाऱ्यांच्या अंगाची उष्णताही आपल्याकडे येते. म्हणून वर्तमानपत्रांतील आंकडा पाहून निर्धास्त राहूं नये.

याचे दाखले दूर देशीं आहेत व घराजवळही आहेत. १९९९ सालच्या जुलै महिन्यांत अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यांत, रोम या गांवीं, 'वुडस्टॉक ९९' हा संगीतोत्सव झाला. जागा जुन्या हवाई तळाची होती. चोहोंकडे डांबर आणि काँक्रीट, सावली थोडी. उष्णतामान ३८ अंशांच्या आसपास गेलें. पाण्याची बाटली ४ डॉलरांस विकली जात होती, व फुकट पाण्याच्या नळांपुढें लांबच लांब रांगा लागल्या होत्या. शेंकडों लोक आजारी पडले आणि एक तरुण उष्माघातानें दगावला.

ता. १७ नोव्हेंबर २०२३ रोजीं ब्राझील देशांत रिओ दि जानेरो येथें टेलर स्विफ्ट या अमेरिकन गायिकेचा जलसा होता. कार्यक्रम सायंकाळचा, परंतु श्रोते दिवसभर उन्हांत रांगा लावून उभे होते. कार्यक्रम चालू असतांना एक तरुणी मूर्च्छित पडली व मरण पावली. श्रोत्यांस स्वतःचें पाणी आंत नेऊं दिलें नाहीं, अशी मोठी ओरड झाली. दुसऱ्याच दिवशीं तेथील न्यायमंत्र्यांनीं, यापुढें जलशांना येणारांस पिण्याचें पाणी बरोबर नेऊं द्यावें, असें जाहीर केलें.

त्याच वर्षीं, ता. १६ एप्रिल रोजीं, नवी मुंबईंतील खारघर येथें एका पुरस्कार-समारंभास लाखों लोक उघड्या मैदानावर बसले होते. तो गायनाचा कार्यक्रम नव्हता. पण मैदान, ऊन आणि गर्दी हीं तशींच होतीं. निकटच्या केंद्रावर सुमारें ३८ अंशांची नोंद झाली. त्या दिवसाच्या उन्हानें १४ जणांचा बळी घेतला.

या तिन्ही ठिकाणीं पाणी, सावली व वाटा यांची तजवीज करणें हें चालकांचें कर्तव्य होतें, यांत शंका नाहीं. पण श्रोत्यानेंही शिकण्यासारखा एक धडा आहे. मनुष्य लवकर येऊन पुढची जागा धरतो. पुढें डोकें दुखूं लागलें, घसा सुकला, तरी 'उठलों तर जागा जाईल' या विचारानें तो उठत नाहीं. लघवीस जावें लागेल म्हणून पाणीही पीत नाहीं. आमच्या मतें उन्हाच्या खालोखाल हा जागेचा मोहच अधिक घातक आहे. सोबत्यांत हंसें होईल ही लाज त्यांत भर घालते.

म्हणून जाण्यापूर्वीं हवामान खात्याची सूचना पाहावी. तांबडा किंवा नारिंगी इशारा असेल तर बेत रहित करावा. सैल, फिकट रंगाचे सुती कपडे व टोपी घालावी. घरून भरपेट पाणी पिऊन निघावें, व तेथें तहानेची वाट न पाहतां थोडें थोडें पीत राहावें. ताक, पन्हें, कोकमाचें सरबत हीं उत्तम; मद्य सर्वथा वर्ज्य. घाम फार गेला असतां नुसतें पाणीच घटघटा पिणेंही बरें नव्हे, कारण रक्तांतील मिठाचें प्रमाण उतरतें. एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळविलें म्हणजे जलसंजीवनी तयार होते. दुपारीं बारा ते तीनपर्यंत सावली सोडूं नये. मैदानांत शिरतांच सावली, पाणी, वैद्यकीय मदत व बाहेर पडण्याची वाट हीं चार ठिकाणें पाहून ठेवावींत.

डोकें दुखणें, चक्कर, मळमळ, पायांत गोळे येणें, अतिशय थकवा, हा शरीराचा पहिला इशारा होय. त्याच क्षणीं सावलींत जावें, कपडे सैल करावे, अंग ओलें करून वारा घ्यावा व घोट घोट पाणी प्यावें. परंतु सोबती असंबद्ध बोलूं लागला, तोल जाऊं लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. अंगास घाम असो वा नसो. अशा वेळीं आंतील उष्णतामान ४० अंशांवर गेलेलें असूं शकतें, आणि प्रत्येक मिनिट मोलाचें असतें. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पण ती येईपर्यंत हात बांधून बसूं नये. रोग्यास सावलींत निजवून सर्वांगावर पाणी ओतावें, जोरानें वारा घालावा, व मान, कांखा आणि जांघा यांस कापडांत गुंडाळलेला बर्फ लावावा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडांत पाणी घालूं नये, तें श्वासनलिकेंत जातें. तापावरच्या गोळ्यांचा येथें उपयोग नाहीं.

पालकांसही एक विनंति. मुलांस पैसे देतांना 'तिकिटाचे पैसे वसूल करून ये' असें थट्टेनेंही म्हणूं नये. 'बरें वाटेनासें झालें तर कार्यक्रम अर्धा टाकून ये, आम्ही रागावणार नाहीं' असें निघण्यापूर्वीं स्पष्ट सांगावें. दोघां-दोघांची जोडी लावून द्यावी, म्हणजे एकाचें लक्ष दुसऱ्यावर राहील. आणि विद्यार्थ्यांनीं हें स्मरणांत ठेवावें कीं, सोबत्यास हाताला धरून गर्दीबाहेर आणणाऱ्याचीं दोन गाणीं बुडतील खरीं. पण तीं पुढें केव्हांही ऐकतां येतील.