काम नेमकं कोण करतंय?

पुणे

चि. सोनू हिस,


तुझा संशोधनाचा विषय पक्का झाल्याचं दादाने कळवलं. पाण्यातून हायड्रोजन काढायचा, त्यासाठी निकेलचे इलेक्ट्रोड वापरायचे आणि मध्ये हायड्रॉक्साइड आयन पलीकडे नेणारं मेम्ब्रेन बसवायचं. ऐकून फार समाधान वाटलं. माझी सुरुवात झिओलाइटच्या उत्प्रेरकांपासून झाली, मग वायू वेगळे करणाऱ्या मेम्ब्रेनकडे वळले आणि शेवटची वर्षं फ्युएल सेलमध्ये गेली. हे तिन्ही विषय तुझ्या तळहाताएवढ्या सेलमध्ये पहिल्या दिवसापासून एकत्र असणार आहेत.

सुरुवात कुठून करू, असं तू विचारलं होतंस. काय वाचायचं ते तुझे गाईड सांगतील, यंत्रं सीनियर शिकवतील. मी तुझ्याकडे एकच सवय मागते. चांगला आकडा हाती आला की तो कुणाला दाखवण्याआधी स्वतःला विचार, हे काम नेमकं कोणी केलं? ज्या पदार्थाच्या नावावर मी ते लिहिणार आहे त्याने, की न बोलावता सेलमध्ये आलेल्या दुसऱ्याच कशाने?

आपल्या विषयात हा प्रश्न किती मोलाचा आहे, ते लोखंडाकडे पाहिलं की कळतं. जुलै 1909 मध्ये कार्ल्सरूहला फ्रिट्झ हाबर यांनी ऑस्मियमच्या साहाय्याने नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया करून दाखवला. पण ऑस्मियम जगात होताच किती! कारखान्याला परवडेल असा उत्प्रेरक शोधण्याचं काम बीएएसएफ कंपनीतल्या आल्विन मिटाश यांच्याकडे आलं. शुद्ध लोखंड काही फारसं चालेना. त्याच वर्षी स्वीडनमधल्या गॅलिवारे भागातल्या मॅग्नेटाइटचा एक नमुना रिॲक्टरमध्ये गेला आणि अमोनिया भरपूर आला. दुसरीकडचं मॅग्नेटाइट मात्र तसं वागेना. एखाद्याने ‘या खाणीचा माल चांगला’ म्हणून तिथूनच मागवत राहण्यात समाधान मानलं असतं. मिटाश यांनी मात्र त्या खनिजात लोखंडाच्या सोबतीला काय आहे ते शोधलं आणि शुद्ध लोखंडात एकेक पदार्थ मुद्दाम मिसळून पाहिला. 1912 पर्यंत सुमारे 2500 पदार्थ आणि 6500 चाचण्या झाल्या. त्यातून ॲल्युमिना, पोटॅशियम, कॅल्शियम यांची साथ असलेला लोखंडी उत्प्रेरक ठरला आणि 1913 मध्ये ओप्पाऊचा कारखाना सुरू झाला. अलिबागजवळ थळला खताचा जो मोठा कारखाना आहे, तिथलं अमोनियाचं रसायनही मुळात हेच. आणि तरीही, लोखंडाच्या पृष्ठभागावर नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांपासून तुटणं हीच सगळ्यात संथ पायरी आहे, हे गेरहार्ड एर्टल यांनी काटेकोरपणे दाखवेपर्यंत मध्ये कितीतरी दशकं गेली. त्यांना नोबेल मिळालं ते 2007 मध्ये.

आता तुझ्या निकेलकडे येते, कारण इथे तुला रोज सावध राहावं लागणार आहे. अल्कलीत ऑक्सिजन काढताना निकेलचा इलेक्ट्रोड हळूहळू सुधारतो, असं पिढ्यान्‌पिढ्या दिसत होतं. निकेल ऑक्सिहायड्रॉक्साइड जुनं झालं की त्याची रचना बदलते आणि म्हणून ते जास्त चांगलं काम करतं, असा त्याचा अर्थ लावला जायचा. 1987 मध्ये कॉरिगन यांनी दाखवलं, की अल्कलीतल्या लोखंडाच्या नगण्य मात्रेनेही निकेलची क्रियाशीलता बदलते. 2014 मध्ये ओरेगन विद्यापीठातल्या बॉएटशर यांच्या गटाने लोखंड कसून काढून टाकलेलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरलं, तेव्हा ‘जुनं होऊन सुधारणारं’ निकेल सुधारेनासं झालं. इतकी वर्षं ते बाटलीतलं लोखंड शोषून घेत होतं. ज्याला निकेलचा गुण म्हणत होते, तो बराचसा लोखंडाचा निघाला.

तुझ्या कपाटातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड कितीही चांगल्या दर्जाचं असलं तरी त्यात लोखंड असणारच, असं धरून चाल. ते काढायची रीत सुंदर आहे: शुद्ध निकेल हायड्रॉक्साइड तयार करायचं, अल्कलीत टाकून बराच वेळ हलवायचं आणि मग सेंट्रिफ्यूज करून ते खाली बसवायचं. निकेल हायड्रॉक्साइड लोखंड धरून ठेवतं. भांडी प्लास्टिकची घे, कारण गरम अल्कली काच खाते आणि काचेतलं लोखंड पुन्हा द्रावणात उतरतं. तुला निकेल-लोखंडच हवं असेल, तर लोखंड तू स्वतः मोजून घाल. आपोआप आलेलं लोखंड आणि मोजून घातलेलं लोखंड यांतला फरक ज्या दिवशी तुझ्या आलेखात दिसेल, त्या दिवशी तुझं स्वतःचं संशोधन सुरू झालं असं मी समजेन.

हेच लोखंड मेम्ब्रेनमध्ये गेलं की घात करतं. तुझं मेम्ब्रेन अल्कलीतलं आहे, पण पुढे कधी नॅफिऑनसारख्या आम्लधर्मी मेम्ब्रेनवर काम केलंस तर हे लक्षात ठेव. अशा सेलमध्ये थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत असतं. स्टेनलेस स्टीलच्या जोडांतून सुटलेले लोखंडाचे आयन त्याला भेटले, की त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल निघतात आणि ते पॉलिमरची साखळी कुरतडतात. व्होल्टेजच्या आलेखावर बरेच दिवस काही दिसतही नाही. निचऱ्याच्या पाण्यात फ्लोराइड मोजलंस तर मात्र मेम्ब्रेन झिजतंय हे आधीच कळतं. इलेक्ट्रोडवर ज्याला आपण जपतो, तेच दोन मिलिमीटर पलीकडे नको असतं. उत्प्रेरकवाले आणि मेम्ब्रेनवाले एकमेकांच्या बैठकांना जात नाहीत, म्हणून अशा गोष्टी उशिरा उमगतात. तू दोन्हीकडे जा, चहाला तरी बस.

तुझ्या अल्कलीतल्या मेम्ब्रेनचं दुखणं वेगळं आहे. त्याच्या साखळीवर जे अमोनियम गट लावलेले असतात, त्यांच्यावर ज्याला वाहून न्यायचं तो हायड्रॉक्साइडच हल्ला करतो, आणि तापमान वाढवलं की अधिकच जोरात. पातळ मेम्ब्रेन घेतलं तर विजेला होणारा रोध कमी होतो, पण हायड्रोजन पलीकडच्या ऑक्सिजनमध्ये झिरपतो. जाड घेतलं तर वीज वाया जाते. या ओढाताणीत तुझी बरीच वर्षं जातील, आणि तसं होण्यात काही वाईट नाही. मात्र मेम्ब्रेनला सूक्ष्म भोक असलं तरी वायू झिरपतो, आणि सेल घट्ट आवळताना कडा चुरगळली तरीही झिरपतो. तो आकडा पॉलिमरच्या नावावर लिहिण्याआधी दुसरा तुकडा कापून, नव्याने बसवून पाहा.

‘काम कोणी केलं?’ हा प्रश्न न विचारल्याने इतरही फसले आहेत. काही वर्षांपूर्वी साध्या तापमानाला विजेने नायट्रोजनपासून अमोनिया केल्याचे पेपर धडाधड येऊ लागले होते. मिळणारा अमोनिया इतका कमी असायचा, की हवेतून, हातमोज्यांतून, श्वासातून आलेला अमोनियाही तेवढाच भरावा. 2019 मध्ये डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये तपासणीची कडक पद्धत मांडली: नायट्रोजनच्या जागी आरगॉन घालून पाहा, मग नायट्रोजन-15 वापरा, आणि त्या महागड्या वायूतही आधीचा अमोनिया मिसळलेला असू शकतो म्हणून तोही स्वच्छ करा. या कसोटीला बरेच धातू उतरले नाहीत. लिथियमचा मार्ग मात्र टिकला. तो पेपर छापून घे आणि टेबलाशी ठेव. तुझ्या विषयाशी त्याचा थेट संबंध नसला तरी प्रयोग कसा उभा करावा, हे त्यातून शिकायला मिळतं.

त्याहून मला जास्त आवडतो तो ब्रिटनमधल्या एका गटाचा किस्सा. 2003 मध्ये त्यांनी सुझुकी अभिक्रिया कुठल्याही धातूच्या उत्प्रेरकाशिवाय होते असं प्रसिद्ध केलं. नंतर त्यांना स्वतःलाच शंका आली. शोध घेता घेता ते बाजारातून आणलेल्या सोडियम कार्बोनेटपाशी पोचले. त्यात शंभर कोटी भागांत 50 भाग एवढं पॅलेडियम होतं आणि तेवढंच पुरत होतं. 2005 मध्ये त्यांनी स्वतःच्या निष्कर्षाचा फेरविचार करणारा पेपर स्वतः लिहिला. अशा माणसांबरोबर काम करायला मिळालं तर पगाराकडे बघू नकोस.

म्हणून वहीत फक्त निकाल लिहून भागत नाही. बाटलीचा लॉट नंबर लिही, पाणी कुठल्या यंत्राचं ते लिही, समोरचा इलेक्ट्रोड कशाचा होता ते लिही. आम्लात प्लॅटिनमचा समोरचा इलेक्ट्रोड विरघळून तुझ्या इलेक्ट्रोडवर जाऊन बसतो, आणि मग कोळशाचा साधा तुकडाही हायड्रोजन काढण्यात प्लॅटिनमसारखा हुशार वाटायला लागतो. तिथे ग्रॅफाइट वापर.

हे सगळं केलं की तुझे पेपर बॅचमधल्या इतरांपेक्षा उशिरा निघतील, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. फेलोशिपची मुदत चालू असते, आणि घरात कुणीतरी ‘अजून किती वर्षं?’ म्हणून विचारतच असतं. पण या क्षेत्रात शेवटी निवाडा यंत्र करतं. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एनसिलाइट नावाचा झिओलाइट उत्प्रेरक घडवला आणि ऐंशीच्या दशकात तो झायलीनच्या कारखान्यात चालू झाला. कारखान्याच्या रिॲक्टरला पेपरमधला सर्वोच्च आकडा दाखवून चालत नाही. त्याला महिनोन्‌महिने तेच काम, त्याच निवडकपणे, फीडमध्ये थोडीफार घाण असतानाही हवं असतं. कशामुळे चालतंय हे ज्याला माहीत आहे, त्यालाच ते बंद पडल्यावर दुरुस्त करता येतं.

आणि तुझ्या कामाची देशाला गरज आहे, हे मी मोठेपणा म्हणून लिहीत नाही. 4 जानेवारी 2023 ला केंद्राने हरित हायड्रोजनची योजना मंजूर केली. 19,744 कोटी रुपये, आणि 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचं लक्ष्य. एका किलो हायड्रोजनमध्ये सुमारे 33 युनिट ऊर्जा असते आणि तो पाण्यातून काढायला आज साधारण 50 युनिट वीज लागते. मधली तफावत कमी करणं हे तुझ्यासारख्यांचं काम आहे. आम्लधर्मी सेलला इरिडियम लागतं, ते जगभरात मिळून वर्षाला जेमतेम काही टन निघतं आणि बहुतेक दक्षिण आफ्रिकेतून. निकेल आणि लोखंडावर चालणारं, टिकाऊ मेम्ब्रेन असलेलं यंत्र उभं राहिलं तर आपल्याला कुणाच्या खाणीकडे डोळे लावून बसावं लागणार नाही. म्हणून, तिथे जे काम करतंय ते खरंच निकेल-लोखंड आहे ना, की कुठून तरी आलेलं प्लॅटिनम, हे नक्की माहीत असलं पाहिजे.

गाईडशी मतभेद झाले तर तोंडी वाद घालू नकोस, ब्लँकचा आलेख समोर ठेव. ब्लँक म्हणजे तुझा पदार्थ वगळून, बाकी सगळं तेच ठेवून केलेला प्रयोग. चांगल्या गाईडला तो आवडतो. ज्यांना आवडत नाही, त्यांच्याकडूनही तू बाकीचं पुष्कळ शिकू शकशील, पण त्या पेपरवर सही करण्याआधी मला फोन कर.

जिवाची काळजी घे. हवेत 4 टक्क्यांपासून 75 टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेट घेतो आणि उजेडात त्याची ज्योत दिसतही नाही. तुझ्या सेलमधून ऑक्सिजनही शेजारीच निघत असतो, तेव्हा दोन्हीच्या नळ्या वेगळ्या बाहेर सोड आणि हायड्रोजनचा सेन्सर चालू आहे ना ते रोज बघ. रॅने निकेल कधी कोरडं होऊ देऊ नकोस, गाळणकागदावरचंसुद्धा. रात्री एकटीने रन लावू नकोस, कितीही तातडी असली तरी.

पहिल्या महिन्यात नवीन पदार्थ करायच्या मागे लागू नकोस. स्वच्छ केलेली अल्कली, उघडा इलेक्ट्रोड, उत्प्रेरक नाही, एवढंच लावून सेल चालव. तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या बाटल्यांमधून. तिन्ही आलेख एकावर एक ठेवून मला पाठव, लॉट नंबर घालून. ते जुळत नसतील तरीही पाठव, मग आपण बसून बघू. दादा-वहिनींना नमस्कार सांग.

तुझी,
आत्या