थ्रॉटल सेन्सर बदलण्यापूर्वी करावयाची तपासणी

भाजीपाला, फुले, दूध यांसारखा नाशवंत माल वेळेवर बाजारात पोहोचविण्यासाठी बरेच शेतकरी पेट्रोल अथवा सीएनजीवरील छोटी गाडी वापरतात. अशी गाडी चढावर अचानक दम तोडू लागली किंवा सिग्नलला बंद पडू लागली, की ‘थ्रॉटल सेन्सर गेला’ असे निदान केले जाते व नवा सेन्सर बसविला जातो. पुष्कळदा दोष वायरमध्ये किंवा कनेक्टरमध्ये असतो. त्यामुळे पैसे खर्च होऊनही दोष कायम राहतो. साध्या डिजिटल मल्टिमीटरने हा दोष नेमका कुठे आहे ते ओळखता येते.

सेन्सरचे कार्य

ॲक्सिलरेटर दाबला की हवेच्या मार्गातील झडप उघडते. ही झडप किती उघडली हे थ्रॉटल सेन्सर विजेच्या दाबाच्या रूपाने ईसीयूला कळवितो. त्यानुसार ईसीयू पेट्रोलचे प्रमाण ठरवितो. केबलने चालणाऱ्या झडपेच्या सेन्सरला सामान्यतः तीन वायरी असतात : ५ व्होल्ट पुरवठा, अर्थ आणि सिग्नल. कार्बुरेटरच्या जुन्या गाड्यांत हा सेन्सर सहसा नसतो.

दोषाची लक्षणे

१) रेस देताना गाडी झटके देते किंवा क्षणभर अडखळते.
२) आयडलिंग कमी-जास्त होते, इंजिन बंद पडते.
३) ताकद व ॲव्हरेज कमी होते.
४) चेक इंजिन दिवा लागतो.

हीच लक्षणे खराब स्पार्क प्लग, तुंबलेला पेट्रोल फिल्टर, काजळी धरलेली थ्रॉटल बॉडी किंवा फाटलेला हवेचा रबरी पाईप यांमुळेही दिसतात. म्हणून केवळ लक्षणांवरून सेन्सर बदलू नये.

तपासणीचा क्रम

गाडी सपाट जागी न्यूट्रलमध्ये उभी करून हँडब्रेक लावावा. पुढील तपासणी इंजिन बंद ठेवूनच करावी.

१) कोड : गॅरेजमध्ये स्कॅनर लावून कोड वाचावा व पुसण्यापूर्वी लिहून ठेवावा. पी ०१२२ म्हणजे सिग्नल फार कमी आणि पी ०१२३ म्हणजे फार जास्त. कोड सर्किटमधील दोष दाखवितो, सेन्सरच खराब आहे असे सांगत नाही. पुरवठ्याची वायर तुटली तर सिग्नल शून्याजवळ येतो, तर अर्थची वायर तुटल्यास तो ५ व्होल्टच्या जवळ जातो.

२) वायरी : गोदामात किंवा गोठ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात. कनेक्टरमध्ये पाणी, गंज किंवा सैल पिन आहे का ते पाहावे.

३) पुरवठा : चावी बंद करून कनेक्टर काढावा. नंतर चावी चालू करून मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा. काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकाला लावून वायरीकडील कनेक्टर तपासावा. एका पिनेवर सुमारे ५ व्होल्ट मिळावेत. ते नसल्यास सेन्सर बदलू नये, वायरिंग तपासून घ्यावे. मिळाल्यास त्या पिनेपासून अर्थच्या पिनेपर्यंतही ५ व्होल्ट दिसतात का ते पाहावे. न दिसल्यास अर्थ तुटलेला आहे.

४) सिग्नल : चावी बंद करून कनेक्टर परत बसवावा व चावी चालू करावी. कनेक्टरच्या मागील बाजूने बारीक पिन घालून सिग्नल मोजावा. वायरचे आवरण टोचू नये. झडप बंद असता साधारण ०.५ ते ०.९ व्होल्ट आणि पूर्ण उघडी असता ४ ते ४.५ व्होल्ट मिळतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. सोबत्याला ॲक्सिलरेटर सावकाश दाबावयास सांगावे. आकडा एकसारखा वाढत गेला तर सेन्सर बहुधा ठीक आहे. मध्येच तो शून्यावर आला किंवा उडी मारली, तर वायर हलवून पाहावी. वायर हलविल्याने फरक पडला तर दोष जोडणीत आहे. फरक न पडता झडपेच्या ठराविक जागीच आकडा तुटत असेल तर सेन्सरची पट्टी झिजलेली आहे व तो बदलावा.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असल्यास

अनेक नव्या गाड्यांत केबल नसते. झडप मोटरने उघडते आणि तिच्यावर दोन सेन्सर असतात. दोन्ही सिग्नल जुळले नाहीत तर ईसीयू इंजिनाची ताकद मर्यादित करतो. चावी चालू असता या झडपेत बोट घालू नये. झडप अचानक मिटून इजा होऊ शकते. ही तपासणी स्कॅनरनेच करून घ्यावी.

दुरुस्तीनंतर

कोड पुसून पुस्तिकेप्रमाणे आयडलिंगची जुळणी करावी व रिकामी गाडी चालवून पाहावी. दोष असताना माल भरून घाटात जाऊ नये. ओव्हरटेक करताना ताकद गेल्यास अपघात संभवतो. इंजिन धुताना कनेक्टरवर पाण्याचा जोरदार फवारा मारू नये आणि उभ्या गाडीजवळ धान्य सांडू देऊ नये. एवढी काळजी घेतल्यास हा दोष सहसा उद्भवणार नाही, आणि उद्भवलाच तरी मेकॅनिककडे जाताना आपले आकडे आपल्या हाती असतील.