लोकसेवेच्या दृष्टीने कायद्याचा अभ्यास

शालान्त परीक्षा जवळ आली की पुढे काय शिकावे हा प्रश्न घरोघरी निघतो. कायद्याचे नाव काढताच काळा कोट आणि कोर्टातील वाक्चातुर्य एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु ज्याला लोकांच्या उपयोगी पडावयाचे आहे, त्याने ह्या अभ्यासात कशाकडे लक्ष द्यावे, ह्याचा विचार आपण येथे करू.

कायद्याच्या पदवीचे मार्ग दोन आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा आणि कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा. पहिल्यात कायद्याबरोबर राज्यशास्त्र, अर्थशास्त्र यांसारखे विषयही शिकावे लागतात. बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांतील प्रवेशासाठी २००८ पासून सामाईक परीक्षा होते. ज्यांना दूर जाणे शक्य नाही त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. आपल्या बेळगावातच राजा लखमगौडा विधी महाविद्यालय १९३९ पासून विद्यादान करीत आहे.

सेवेची ओढ असलेला विद्यार्थी सहजच राज्यघटनेकडे वळतो, आणि ते योग्यच आहे. मात्र पुराव्याचा कायदा, दिवाणी प्रक्रिया व मसुदालेखन हे विषय त्याला रुक्ष वाटतात. आमच्या मते लोकसेवेचा खरा पाया ह्याच रुक्ष विषयांत आहे. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल.

मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला, हे आपण इतिहासात वाचतो. त्यापुढील हकीकत मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. त्याच वर्षी डिसेंबरात काही सवर्णांनी दिवाणी कोर्टात दावा लावला. तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची जुनी रूढी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. हजारो लोक परिषदेसाठी महाडास जमले असताही बाबासाहेबांनी तो हुकूम पाळला व दावा नेटाने लढविला. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. रूढी अनादिकालापासून चालत आली आहे, हे वादींना पुराव्याने शाबीत करता आले नव्हते. शाबितीचा भार कोणावर, हा पाठ्यपुस्तकातील कोरडा प्रश्न. परंतु त्याच्याच उत्तरावर माणसांचा पाण्याचा हक्क कोर्टात टिकला. जुना पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे. तरी जो हक्क सांगतो त्याने तो शाबीत करावा, हे तत्त्व कायम आहे.

दुसरा महत्त्वाचा भाग म्हणजे विधिसाहाय्य. गरिबाला पैशाअभावी न्याय नाकारला जाऊ नये, यासाठी १९७६ साली घटनेत ३९-अ हा अनुच्छेद घालण्यात आला. पुढे १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व कोठडीतील व्यक्ती इत्यादींना मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला. विधी महाविद्यालयांतील साहाय्य केंद्रांत विद्यार्थी वडीलधाऱ्या वकिलांच्या देखरेखीखाली हे काम शिकतात. खेड्यातील विधवेचे नाव सात-बारावर लागले नसेल, तर तिला भाषण नको असते. योग्य कचेरीत योग्य अर्ज हवा असतो. मसुदालेखनाचा तास येथे उपयोगी पडतो.

पदवीनंतर वकिली, विधिसाहाय्य, न्यायाधीशपद, प्रशासकीय सेवा असे अनेक मार्ग खुले होतात. कनिष्ठ दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांची वकिली हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली ठरविले; म्हणून घाई उपयोगी नाही.

आपल्या सीमाभागातील विद्यार्थ्यांस आणखी एक सांगावेसे वाटते. इंग्रजी कायद्याच्या ग्रंथांसाठी लागेल, कन्नड येथील कोर्टकचेरीसाठी लागेल, आणि मराठी पक्षकाराचे मन जाणण्यासाठी मराठी लागेल. तिन्ही भाषा जाणणारा वकील गरिबाचा मोठा आधार ठरतो.

ह्याची तयारी आजपासून करता येते. वर्तमानपत्रातील एखादा निकाल वाचून वाद काय होता, पुरावा कोणता होता आणि निर्णय का झाला, हे पाच-सहा वाक्यांत लिहून पाहावे. घरात कोर्टाचा कागद आला की आजही अनेक कुटुंबे घाबरतात. तो कागद शांतपणे वाचून त्याचा अर्थ सांगणारा माणूस गावात असणे, ही लहान सेवा नव्हे.