राख फुकट मिळते, पण वीट फुकट पडत नाही : वीज केंद्राच्या राखेचं गणित



फ्लाय अॅश विटांच्या व्हिडिओत आपण मशीन बघितलं, मिश्रण बघितलं. पण ती राख वीज केंद्र का देतं, कुणाला आधी देतं आणि कधी देत नाही, हा भाग तिथे धावता झाला. माझ्या मते या धंद्यातले पैसे मशीनवर कमी आणि राखेवर जास्त ठरतात. म्हणून आजचा धडा राखेचा. वही-पेन घेऊन बसा, थोडी आकडेमोड आहे.

आधी राख निघते किती ते बघू. आपल्या देशी कोळशात राखेचं प्रमाण साधारण ३० ते ४५ टक्के असतं. ५०० मेगावॉटचा एक संच दिवसभर पूर्ण भाराने चालला की १ कोटी २० लाख युनिट वीज तयार होते. युनिटमागे साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा धरला, तर दिवसाला ८,००० टनांच्या आसपास कोळसा जळतो. त्यात ३५ टक्के राख धरा. म्हणजे रोज २,८०० टन, आणि हे फक्त एका संचाचं. चंद्रपूरचं केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे, अंदाज तुम्हीच बांधा. देशभरात २०२१-२२ या एका वर्षात २७ कोटी टनांहून जास्त राख निघाली.

ही सगळी राख एकसारखी नसते आणि इथेच नवीन माणूस फसतो. साधारण पाचवा हिस्सा जाड, वाळूसारखा असतो, तो भट्टीच्या तळाशी पडतो. ती बॉटम अॅश. बाकीची राख पिठासारखी बारीक. ती धुराबरोबर वर जाते आणि चिमणीच्या आधी बसवलेल्या ईएसपी या यंत्रात विजेच्या भाराने ओढून पकडली जाते. ती कोरडीच सायलोत साठवली तर फ्लाय अॅश. सायलोत न गेलेली राख पाण्यात कालवून पाइपातून राख बंधाऱ्यात सोडतात, ती झाली पॉन्ड अॅश. तिच्यात बारीक-जाड सगळं मिसळलेलं आणि वर ओल. (जाता जाता एक गंमत : बंधाऱ्याच्या पाण्यावर कधीकधी हलका पांढुरका थर तरंगतो. त्या राखेच्याच पोकळ गोळ्या असतात, त्यांना सेनोस्फिअर म्हणतात. रंग आणि हलक्या काँक्रीटच्या उद्योगात त्यांना विटांच्या राखेपेक्षा कितीतरी जास्त भाव आहे. पण त्या मिळतात अगदी थोड्या.)

बंधारा म्हणजे केंद्राची डोकेदुखी. जमीन अडकते, पाणी लागतं, उन्हाळ्यात वाळलेली राख आसपासच्या गावांत, शेतात उडते. आणि पावसाळ्यात भिंतीची भीती. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा अतिवृष्टीत फुटला आणि राखेचं पाणी शेतांतून नदीपर्यंत गेलं. म्हणून केंद्रासाठी सर्वांत चांगली राख कोणती? जी बंधाऱ्यात जाण्याआधीच सायलोतून बाहेर पडली ती.

त्यात कायद्याचा रेटा आहे. केंद्र सरकारने राखेच्या वापराची पहिली अधिसूचना सप्टेंबर १९९९ मध्ये काढली. त्याआधी, १९९६-९७ मध्ये, देशात निघालेल्या राखेपैकी १० टक्केसुद्धा वापरली जात नव्हती. २०२१-२२ मध्ये हा आकडा ९५ टक्क्यांच्या वर गेला. मात्र ‘वापर’ या शब्दात जुन्या खाणी भरणं आणि सखल जमिनीवर भराव टाकणंही येतं. तो वापर आणि विटेतला, सिमेंटमधला वापर मी एका पारड्यात तोलणार नाही. भरावात राख फक्त जागा बदलते. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने राखेचा १०० टक्के वापर सक्तीचा केला आणि ठरलेल्या मुदतीत न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये पर्यावरण भरपाई लावली.

आता धंद्याच्या डोक्याने बघा. समोर असा पुरवठादार आहे ज्याला माल विकण्यापेक्षा माल जाण्याची जास्त घाई आहे. असा पुरवठादार कुठल्या धंद्यात मिळतो?

पण लगेच हुरळून जाऊ नका. तुम्ही त्याच्यासाठी किती मोठे गिऱ्हाईक आहात? समजा, तुम्ही रोज १०,००० विटा पाडता. एक वीट ३ किलोची, त्यात ६० टक्के राख, म्हणजे १.८ किलो. दिवसाला १८ टन. एक बल्करसुद्धा पूर्ण भरत नाही. त्या एका ५०० मेगावॉटच्या संचाची राख संपवायला तुमच्यासारखे दीडशेहून जास्त वीटवाले लागतील. उलट सिमेंट कंपनीकडे बघा. पीपीसी सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय अॅश घालायला मानकाची परवानगी आहे, त्यामुळे ती बल्करच्या रांगा लावते आणि मोठा करार करते. साहजिकच सायलोतली कोरडी, बारीक राख तिकडे आधी जाते. घाटघरचं धरण बांधलं तेव्हा तर रोलरने दाबलेल्या काँक्रीटमध्ये सिमेंटपेक्षा राख जास्त होती. इतकी ती कामाची आहे, म्हणून तिला मागणीही तेवढीच आहे.

मग लहान माणसाने काय करायचं? एकट्याने केंद्राच्या दारात उभं राहू नका. आपल्या पट्ट्यातले आठ-दहा वीटवाले एकत्र या आणि महिन्याची एकत्रित गरज टनांत लिहून लेखी मागणी द्या. महानिर्मितीची केंद्रं असतील तर राखेच्या व्यवहारासाठी महागॅम्स ही त्यांची स्वतंत्र कंपनी आहे. लेखी मागणी, पावती, गाडीचा पास, सगळं कागदावर ठेवा. मधल्या माणसाकडून ‘साहेब आपलेच आहेत’ म्हणत मिळणारी राख घेऊ नका. परळीच्या राखेच्या वाहतुकीवरून काय काय झालं ते तुम्ही बातम्यांत वाचलंच असेल.

आता ‘फुकट’ या शब्दाकडे येऊ. समजा राखेला शून्य रुपये पडले. गाडीभाडं टनाला किलोमीटरमागे ५ रुपये धरू. हा आकडा फक्त उदाहरणाला आहे, तुमच्याकडचा दर तुम्ही घाला. कारखाना १०० किलोमीटरवर असेल तर टनाला ५०० रुपये, म्हणजे विटेमागे ९० पैसे. २०० किलोमीटरवर १ रुपया ८० पैसे. विटेमागे रुपया-सव्वा रुपया सुटणाऱ्या धंद्यात हा फरक म्हणजे सगळा नफा. म्हणून जागा शोधताना गिऱ्हाइकाचं अंतर आणि राखेचं अंतर दोन्ही नकाशावर मोजा. आणि पॉन्ड अॅश घेत असाल तर ओल तपासा. १८ टनांच्या गाडीत २० टक्के ओल असेल तर ३.६ टन पाण्याचं भाडं तुम्ही भरताय. शिवाय मिश्रणात राख कमी आणि पाणी जास्त जातं, विटेची ताकद तिथेच घसरते.

याहून मोठा खड्डा खेळत्या भांडवलाचा आहे. मातीची वीट आगीत पक्की होते. राखेची वीट पाण्यात पक्की होते. राखेतली सिलिका चुन्याशी, किंवा सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी, सावकाश बांधली जाते. त्याला ओल आणि दिवस लागतात. दोन-तीन आठवडे पाणी मारावंच लागतं. रोज १०,००० विटा आणि २१ दिवस, म्हणजे २ लाख १० हजार विटा कायम अंगणात उभ्या. विटेचा उत्पादन खर्च ५ रुपये धरला तर साडेदहा लाख रुपये तिथे अडकले. बँकेच्या कर्जात मशीनचा आकडा सगळे मागतात, हे साडेदहा लाख मागायचे राहून जातात. मग पैशांची ओढ लागते, सातव्या दिवशी कच्चा माल गाडीत चढतो, साइटवर कोपरे तुटतात, प्लास्टरला चिरा पडतात आणि गावभर होतं की राखेची वीट टिकत नाही. वीट टिकते हो. तिला दिवस मिळाले नाहीत.

गिऱ्हाइकाला पटवायला भाषण देऊ नका, वजनकाटा दाखवा. पूर्ण वाळलेली वीट तोला, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. ३ किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर गेली तर पाणी शोषण २० टक्क्यांहून जास्त. आयएस १२८९४ या मानकात नेहमीच्या वर्गाच्या विटांना तीच मर्यादा आहे. दाब-चाचणी मात्र प्रयोगशाळेतूनच करून आणा आणि अहवालाची प्रत दर कोटेशनला जोडा. सरकारी कामाच्या ठेकेदाराला हेही सांगा, की औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आत बांधकामात राखेची उत्पादनं वापरणं बंधनकारक आहे. अट एवढीच, की ती मिळायला हवीत आणि पर्यायी मालापेक्षा महाग नसावीत. म्हणजे लाल विटेच्या दराला दर भिडवलात तर नियम तुमच्या बाजूने बोलतो.

पावसाळ्याचं नियोजन मेमध्येच करा. विजेची मागणी उतरली की संच देखभालीला बंद ठेवतात, बंधाऱ्याकडचा रस्ता चिखलात जातो. शेडखाली कोरडी राख साठवलेली असेल तोच जुलैत माल पाडतो. मिक्सरजवळच्या माणसाला चांगला मास्क द्या, रुमाल नको. ती धूळ फुफ्फुसात बसणारी आहे.

पुढच्या व्हिडिओत आपण प्रकल्प अहवाल भरणार आहोत. त्याआधी जवळच्या केंद्रात जाऊन चार गोष्टी विचारून या : कोरडी राख मिळेल की बंधाऱ्यातली, महिन्याला किती टन, भरणावळ कोण करणार, आणि गेल्या पावसाळ्यात पुरवठा किती दिवस बंद होता. उत्तरं वहीत लिहून ठेवा, अहवालाचं पहिलं पान त्यावरूनच भरायचं आहे.